मिटलेलं कोरल आणि नाशिकचा एप्रिल

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं कोरल (प्रवाळ) मिटलं की टँकवाल्याचे हात शिवशिवायला लागतात. दिवा वाढवा, जागा बदला, बाटलीतलं काहीतरी ओता. माझं मत विचाराल तर मूळ दुखण्यापेक्षा या धावपळीनेच जास्त कोरल दगावतात.

घरच्या खाऱ्या टँकसाठी नवशिक्यांना बहुधा लेदर कोरल सुचवतात. (आपल्या समुद्रातल्या दगडी, खडक बांधणाऱ्या कोरलांच्या वाटेला जाऊच नका, ती २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणाखाली आहेत.) लेदर म्हणजे जाड देठावर अळंबीसारखी टोपी. टोपीभर बारीक पॉलिप, म्हणजे कोरलाचे इवले फुलासारखे जीव, आणि जवळून पाहिलं तर प्रत्येक पॉलिपला कडांना झालर असलेले आठ हात. हे हात एके दिवशी आत जातात. टोपी आक्रसते, तुकतुकीत दिसू लागते, आठवडा उलटला तरी उघडत नाही. मग तिच्यावरून मेणचट पापुद्रा सुटतो आणि त्याच्याबरोबर चिकटलेलं शेवाळ, घाण निघून जाते. कोरल आजारी नव्हतंच, कात टाकत होतं. त्याला तेव्हा हवा असतो फक्त पाण्याचा बऱ्यापैकी प्रवाह. टोपीला मऊ खड्डा पडून तो पसरत असेल, कुजका वास येत असेल, तर मात्र थांबू नका: निर्जंतुक ब्लेडने सडका भाग निरोगी मांसापर्यंत कापून टाका.

रंग उडून कोरल पांढुरकं पडणं ही वेगळी भानगड. कोरल हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी तापलं आणि वर प्रकाशही प्रखर असला की शैवालाची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात आणि कोरल या भाडेकरूला बाहेर काढतं. त्यानंतर ते जिवंत असतं, पण उपाशी. म्हणून अशा कोरलावर दिवा वाढवणं हा उफराटा उपाय. प्रकाश कमी करा, शैवाल परतू लागलं की काही आठवड्यांत हळूहळू पूर्ववत करा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या भानगडीतही पडू नका. शैवालाला दोन्ही थोडी लागतात.

आता नाशिकचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि कोरलाला पाणी हवं २५-२६ अंशांचं. पाणी गार करणारं यंत्र, चिलर, महाग. पण इथली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा फारसं काही करत नाही, कारण थंडावा येतो तो बाष्पीभवनातून.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटर पाण्यातलं ५ लिटर उडालं की क्षारता लिटरला ३५ ग्रॅमवरून जवळपास ३७ वर जाते. मग कोणीतरी घाईने एकदम ५ लिटर ओततो आणि ती धाडकन खाली आणतो. कोरल मिटण्याचं कारण कितीदा तरी हा झोका असतो. तूट रोजच्या रोज, थोडी थोडी भरा, आणि तीही आरओच्या गोड्या पाण्याने; खारं पाणी घातलंत तर मीठ वाढतच जाईल. गंगापूर धरणाचं पाणी प्यायला उत्तम, पण नळाला येताना त्यात क्लोरीन असतं, टँकमध्ये थेट नको. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण घ्या.

लेदर आसपासच्या कोरलांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतं, म्हणून फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि शेजाऱ्यांपासून अंतर राखा.

जूनमध्ये पाऊस लागला, हवा ओलावली की पंख्याचा जोर ओसरतो आणि पाणीही कमी उडतं. उन्हाळ्याच्या मापाने भरत राहू नका, पातळीची खूण बघून भरा.