मेरुरज्जूच्या इजेनंतरच्या मूत्राशयविकारांवरील सूचिचिकित्सा

मेरुरज्जूला इजा झाल्यावर लघवी साठवण्याची व सोडण्याची क्रिया बिघडते. ती सुधारावी म्हणून शरीरावरील ठरावीक बिंदूंत बारीक सुया टोचून, अनेकदा त्या सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडून, जो उपचार केला जातो त्याचा विचार या नोंदीत केला आहे. हा उपचार पूरक आहे. ठरावीक अंतराने कॅथेटर घालून मूत्राशय रिकामा करण्याची जी पद्धत जॅक लॅपिडीस या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांनी १९७२ साली रूढ केली, तिची किंवा औषधांची जागा तो घेऊ शकत नाही.

मूत्राशयाच्या आकुंचनाची प्रतिक्षेपी क्रिया मेरुरज्जूच्या दुसऱ्या ते चौथ्या त्रिक खंडांतून, म्हणजे त्याच्या खालच्या टोकाकडील भागांतून चालते. आकुंचनाच्या वेळी मूत्रमार्गाचा परिसंकोची स्नायू (मार्ग आवळून बंद ठेवणारा कडीसारखा स्नायू) सैल पडावा, हा मेळ मात्र मेंदूच्या खोडातील केंद्र घालते. इजेनंतरचे पहिले काही आठवडे मूत्राशय सहसा ढिला राहतो व लघवी तुंबते. पुढचे चित्र इजा कोठे झाली यावर ठरते. ती त्रिक खंडांच्या वर असेल, तर थोडी लघवी साठताच मूत्राशय आपोआप आकुंचन पावतो, पण त्याच वेळी परिसंकोची स्नायूही आवळला जातो. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि उपचार न झाल्यास मूत्रपिंडांना अपाय होतो. इजा त्रिक खंडांना किंवा त्यांच्या खालच्या चेतामुळांना असेल, तर मूत्राशय बहुधा सैलच राहतो. या दोन अवस्था परस्परविरुद्ध आहेत, आणि दोन्ही प्रकारच्या रुग्णांची एकत्र गणना करणाऱ्या अभ्यासांतून फारसे हाती लागत नाही.

सर्वाधिक वापरले जाणारे बिंदू त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाच्या, छिद्रांवर आहेत. रुग्णाला पालथे झोपवून लांब सुई तिसऱ्या छिद्राच्या रोखाने तिरकी, साधारण ५ ते ६ सेंटिमीटर आत सरकवतात. याच छिद्रात इलेक्ट्रोड बसवून त्रिक चेतांना उद्दीपन देण्याची शस्त्रक्रिया आधुनिक मूत्ररोगशास्त्रातही आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडा वर असलेला बिंदूही पश्च टिबियल चेतेच्या मार्गाजवळ येतो, आणि तिच्या उद्दीपनाने अतिक्रियाशील मूत्राशय शांत होऊ शकतो. सूचिचिकित्सेचा परिणाम होत असेलच, तर तो याच चेतामार्गांनी होत असावा, हे त्यामुळे सयुक्तिक वाटते. बेंबीखालच्या मध्यरेषेवरील बिंदूही वापरात आहेत. पारंपरिक पद्धतीत सुई योग्य जागी पोचल्याची खूण म्हणजे रुग्णाला जाणवणारा जडपणा किंवा मुंग्या. येथे मात्र इजेखालची संवेदना बहुधा गेलेली असल्याने ती खूण हाताशी राहत नाही.

पुरावा अद्याप कच्चा आहे. जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या, मूत्राशय अतिक्रियाशील असलेल्या १३ रुग्णांच्या अभ्यासात मूत्राशयाची धारणक्षमता वाढलेली आढळली. पण एवढ्या लहान गटावरून निष्कर्ष काढता येत नाही. चीनमधील अनेक चाचण्यांत विद्युत-सूचिचिकित्सेने लघवी केल्यानंतर मूत्राशयात उरणारी शिल्लक लघवी कमी झाल्याचे नोंदले आहे, तथापि त्यांतील पुष्कळ चाचण्या लहान असून कोणाला कोणता उपचार मिळाला हे गुप्त ठेवलेले नाही. इजेनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत मूत्राशयाची अवस्था आपणहून बदलत असते, म्हणून तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर श्रेय सुईचे की निसर्गक्रमाचे, हे सांगता येत नाही. शिवाय गळती थांबली एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे: कपडे कोरडे राहत असतानाही आतला दाब घातक पातळीवर असू शकतो, आणि तो मूत्रगतिकी तपासणीशिवाय, म्हणजे मूत्राशयातला दाब प्रत्यक्ष मोजल्याशिवाय, कळत नाही.

मेरुरज्जूच्या छातीच्या भागातील सहाव्या खंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्यांत मूत्राशय भरलेला असणे किंवा इजेखाली सुई व वीजप्रवाह यांचे उद्दीपन मिळणे, यांमुळे रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे व घाम सुटणे ही त्याची लक्षणे. म्हणून उपचारापूर्वी मूत्राशय रिकामा करावा, रक्तदाब मोजत राहावे आणि लक्षणे दिसताच सुया काढून रुग्णाला बसते करावे व मूत्राशय पुन्हा तपासावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा त्रिकास्थीवर दाबव्रण असेल, तर तेथे सुई टोचण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो.