एकाच थर्मासची कॉफी

आमच्या गावच्या काल्याला, म्हणजे देवळाच्या उत्सवात, मांडवात मराठी नाटक होतं. पडदा वर जायलाच मध्यरात्र उलटते आणि भैरवीपर्यंत बाहेर तांबडं फुटलेलं असतं. लहानपणी संध्याकाळीच घरातलं कुणीतरी जाऊन पुढच्या बाजूला चटई अंथरून जागा धरून यायचं. आई थर्मासभर काळी कॉफी करायची, गूळ घातलेली आणि किंचित सुंठ लावलेली. पहिला अंक संपला की पेले फिरायचे.

काका दोन पेले प्यायचे आणि दुसऱ्या अंकाच्या मध्यावर पोफळीच्या खांबाला टेकून घोरू लागायचे. मामेबहीण त्याच थर्मासातला अर्धा पेला घ्यायची. नाटक संपून घरी आलो, सगळे आडवे झाले, तरी ही कौलांकडे बघत पडलेली असायची. छाती धडधडते म्हणायची. मोठी माणसं म्हणायची, सवय नाही तिला. कुणी म्हणायचं, मनाचे खेळ आहेत. तिने पुढे कॉफी सोडली, पण पाहुणी म्हणून जाईल तिथे ‘घे गो इल्लीशी, कांय जायना’ (घे गं थोडीशी, काही होत नाही) हे ऐकणं तिला चुकलं नाही.

मी रसायनशास्त्र शिकवते. तिला जे व्हायचं ते खरं होतं, आणि काकांना जे व्हायचं तेही खरं होतं. दोघांच्या पेल्यात एकच कॉफी होती, शरीरं मात्र दोन होती. हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे.

जागेपणी मेंदू काम करतो, त्यात पेशींचं इंधन खर्च होतं आणि ॲडिनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साठत जातो. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. ॲडिनोसिन तिथे बसलं की पेशींची लगबग मंदावते आणि आपल्याला पेंग येऊ लागते. कॅफीनचा रेणू बांध्याने ॲडिनोसिनसारखाच. तो त्या जागा अडवतो, पण पेशीला मंद करत नाही. मांडवात चटई टाकून ठेवल्यासारखंच हे आहे. माणसं यायची थांबत नाहीत, बसायला जागा नाही म्हणून ती मागे दाटीवाटीने उभी राहतात. कॅफीनने थकवा जात नाही आणि नवी शक्तीही येत नाही, फक्त थकव्याचा निरोप पोचत नाही. चटई उचलली गेली की मागची सगळी गर्दी एकदम पुढे येते. दुपारच्या कॉफीचा जोर ओसरल्यावर डोळ्यांवर अचानक झापड येते ती यामुळेच.

रोज चटई पडते आहे हे लक्षात आलं की शरीर मांडवच मोठा करतं, म्हणजे ॲडिनोसिनच्या जागा वाढवतं. मग पूर्वीच्या एका कपाने भागत नाही. ‘सवय’ म्हणतात त्यातला बराच भाग हा.

काका आणि मामेबहीण यांच्यातला फरक मात्र नुसत्या सवयीचा नव्हता. त्याचं मोठं कारण मेंदूत नव्हे, यकृतात आहे. प्यायलेल्या कॅफीनपैकी सुमारे 95 टक्के कॅफीनची विल्हेवाट यकृतातलं एकच एन्झाइम लावतं. त्याचं नाव सीवायपी-1-ए-2. ते कॅफीनची मोडतोड करून तीन पदार्थ बनवतं. सर्वांत जास्त बनतं पॅराझँथीन, थोडं थिओब्रोमीन आणि अगदी थोडं थिओफिलीन. थिओब्रोमीन चॉकलेटमध्येही असतं. थिओफिलीन दम्यावर औषध म्हणून दिलं जात आलं आहे.

हे एन्झाइम सगळ्यांच्या अंगात सारख्या वेगाने चालत नाही. रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला निरोगी प्रौढ माणसाला साधारण 5 तास लागतात, पण ही झाली सरासरी. कुणाला दीड तास पुरतो, कुणाला साडेनऊ तास लागतात. हिशेब करून बघा. संध्याकाळी 5 वाजता दोघांनी 100 मिलिग्रॅम कॅफीन घेतलं. एकाला ते निम्मं करायला 3 तास लागतात, दुसऱ्याला 9. रात्री 11 वाजता पहिल्याच्या रक्तात 25 मिलिग्रॅम उरलेलं असेल. दुसऱ्याच्या रक्तात पहाटे 2 वाजताही 50 मिलिग्रॅम फिरत असेल, म्हणजे जवळजवळ कपभर चहा झोपायच्या वेळी प्यावा तितकं. त्या माणसाला ‘मन शांत ठेव, झोप लागेल’ असं सांगून काय होणार?

हा वेग काही अंशी जन्मतःच ठरतो. या एन्झाइमच्या जनुकात एका अक्षराचा फरक असतो, त्यावरून कुणाचं यकृत चपळ, कुणाचं संथ. बाकीचं जगण्यातून ठरतं, आणि इथे मला काकांच्या विड्या आठवतात. धूर छातीत गेला की त्यातल्या काही संयुगांमुळे यकृत हे एन्झाइम जास्त बनवू लागतं, आणि कॅफीन निम्मं व्हायचा वेळ जवळजवळ अर्ध्यावर येतो. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे तंबाखू चघळणाऱ्याला ते लागू होत नाही. काकांनी साठीत डॉक्टरांच्या सांगण्यावरून विडी सोडली आणि महिन्याभरात तक्रार सुरू झाली: रात्री डोळा लागत नाही, हात थरथरतात, जीव कासावीस होतो. विडी सोडल्याचा त्रास आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं. थोडा तो असेलही. पण कॉफीचे पेले पूर्वीइतकेच होते आणि ती पचवणारं यकृत आता निम्म्या वेगाने चालत होतं. विडी-सिगरेट सोडणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ‘कॉफी-चहाही निम्मा करा’ असं कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर तो बेचैनीला कंटाळून पुन्हा विडी पेटवतो.

बायकांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कॅफीन अंगात जवळजवळ दुप्पट वेळ राहतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तर ते निम्मं व्हायला 15 तासांच्या आसपास लागू शकतात, आणि ते वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंतही जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं म्हटलं, पण गरोदर स्त्रीसाठी आकडा 200 चा ठेवला.

मेंदूकडेही माणसागणिक फरक आहेतच. ॲडिनोसिन जिथे बसतं त्या जागांच्या जनुकातही भेद असतात. काहींना तेवढ्याच कॅफीनने उगाच धास्ती वाटू लागते, तर काहींना काहीच जाणवत नाही.

मग काका खांबाला टेकून झोपायचे ते चांगलं झोपायचे का? मला शंका आहे. 2013 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. झोपायच्या 6 तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी रात्रीची झोप तासाभराहून अधिक कमी झाली. शिवाय कॅफीनमुळे गाढ झोपेचा वाटा घटतो, आणि हे झोपणाऱ्याला सकाळी कळतंच असं नाही. ‘मला कॉफीने काही होत नाही, पडल्या पडल्या झोपतो’ म्हणणाऱ्यांनी निदान एक आठवडा दुपारनंतरचा कप सोडून बघावा आणि सकाळी उठताना अंग कसं वाटतं ते स्वतःच ताडावं.

इथे एक योगायोग सांगायचा मोह होतो. कॉफीच्या बियांतून कॅफीन पहिल्यांदा वेगळं केलं ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी, 1819 साली. बिया त्यांना कवी गटेने दिल्या होत्या. त्याच 1819 मध्ये पॅरिसला एक गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, वारला, आबे फारिया. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा माणूस संमोहनाच्या झोपेच्या मागे होता. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. तो काळ असा होता की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून चुंबकासारखी काही शक्ती निघते अशी समजूत होती. फारियाने ठामपणे सांगितलं की संमोहकाकडून काही येत नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या ठायी. त्याचा विषय वेगळा होता, कॅफीनशी त्याचा संबंध नाही. पण मी वर्गात कॅफीन शिकवते तेव्हा हे वाक्य माझ्या तोंडी हटकून येतं.

पेल्यात काय आहे हेही बघायला हवंच. घरचा चहा कपाला साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन देतो, इन्स्टंट कॉफी 60 च्या आसपास, आणि डिकॉक्शन घट्ट असलं तर फिल्टर कॉफी 100 च्या घरात सहज जाते. एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलिलिटरच्या डब्यात 75 ते 80 असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन घातलेलं असतं. घाटापलीकडून, चिकमगळूर आणि कोडगूकडून, आपल्याकडे येणारी कॉफी दोन जातींची असते. रोबस्टात अराबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं. उलट चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे, त्यात कॅफीन नाहीच. आपल्या नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे एकाच्या चमच्यात निखळ रोबस्टा आणि दुसऱ्याच्या चमच्यात निम्मी चिकोरी मिसळलेली अराबिका असेल, तर दोघांच्या ‘एक कप कॉफी’त तिपटी-चौपटीचं अंतर पडू शकतं. पुढच्या वेळी पाकीट उलटवून वाचा. ज्यांना कॉफीची चव हवी पण धडधड नको, त्यांना चिकोरी जास्त असलेलं मिश्रण खरंच सोयीचं.

आवडीनिवडीचा एक शोध मला फार गंमतीचा वाटला. ब्रिटनमधल्या 4 लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा आणि पेयांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जिभेला कॅफीनचा कडूपणा जास्त जाणवतो ते कॉफी टाळत असतील असा आपला कयास. निघालं उलटंच, ते कॉफी जास्त पितात. क्विनिन या मलेरियाच्या औषधाचा कडूपणा जास्त जाणवणारे मात्र कॉफीपासून दूर, चहाकडे वळलेले. कडू म्हणजे जिभेला एकच चव नव्हे. आणि ज्या कडूपणामागून तरतरी येते, तो मेंदू ओळखून ठेवतो आणि पुढे हवाहवासा करून घेतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता हरतालिका. आमच्याकडे तिला तय म्हणतात, चवथीच्या आदला दिवस. आई निर्जळी करायची, आणि दरवर्षी दुपार कलली की तिचं डोकं ठणकायला लागायचं. ओला रुमाल बांधून ती गणपतीच्या करंज्या करत बसायची. आम्ही म्हणायचो, उपाशीपोटी पित्त खवळलं. पण ती एरवी दिवसाला चार-पाच कप चहा-कॉफी घेणारी. कॅफीनची सवय असलेल्याने ते एकदम थांबवलं की साधारण 12 ते 24 तासांत डोकेदुखी सुरू होते, दुसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते आणि पूर्ण जायला दोन ते नऊ दिवस लागू शकतात. कॅफीन मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसून ठेवतं, ते नाहीसं झालं की त्या सैलावतात. शिवाय मांडवात वाढवून ठेवलेल्या त्या सगळ्या जागा आता मोकळ्या पडलेल्या असतात आणि ॲडिनोसिन त्या भरून टाकतं. आदल्या संध्याकाळी पाचचा शेवटचा चहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं, असा तो हिशेब बरोबर जुळतो. आता मी तिला तयेच्या आठवडाभर आधीपासून रोज अर्धा-अर्धा कप कमी करायला लावते. गेल्या दोन वर्षांत रुमाल बांधावा लागलेला नाही.

मामेबहिणीला आता कुणी आग्रह करत नाही, निदान आमच्या घरात नाही. ती आली की धणे-जिऱ्याचा कसाय उकळतो आणि तो ती पोटभर पिते.

तीन वर्षांपूर्वी तिला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. 1 किलो 200 ग्रॅमचा. इतक्या लवकर आलेल्या बाळांचा मेंदू मधूनमधून श्वास घ्यायचं विसरतो. वीस-वीस सेकंद छाती हलत नाही, यंत्राची घंटी वाजते, नर्स येऊन पाठीवरून बोट फिरवते. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. औषधाच्या कागदावर तिने ‘कॅफीन सायट्रेट’ वाचलं होतं. ‘ताई, मला अर्धा पेला सोसत नाही, याला कसं सोसेल गो?’

मी तिला सांगितलं ते असं. श्वासाचं केंद्रही ॲडिनोसिनमुळे मंदावतं, आणि कॅफीन तिथेही ॲडिनोसिनची जागा अडवतं. पहिली मात्रा किलोमागे 20 मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या बाळाला 24. त्यातलं निम्मं शुद्ध कॅफीन, 12 मिलिग्रॅम. तेवढ्याच प्रमाणात 60 किलोच्या माणसाला द्यायचं तर 600 मिलिग्रॅम होतील. त्यानंतर रोज थोडंसं, दिवसातून एकदाच. एकदा पुरतं, कारण या बाळांच्या यकृतातलं ते एन्झाइम अजून जागंच झालेलं नसतं आणि अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला जवळजवळ चार दिवस लागतात. जगभर अशा बाळांना ते दिलं जातं.

गर्भाचे चौतीस आठवडे भरण्याच्या सुमारास औषध बंद झालं. तरी डॉक्टरांनी बाळाला आणखी आठवडाभर यंत्राला जोडून ठेवलं, उरलेलं बरंचसं कॅफीन अंगातून निघून जाईपर्यंत. मामेबहीण रोज रात्री काचेपाशी बसून त्याचे श्वास मोजत होती. त्या आठवड्यात घंटी वाजली नाही.