आरटीओचा आकडा म्हणजे घरातली गाडी नव्हे

"यवतमाळ जिल्ह्यात इतक्या मोटारसायकली नोंदल्या, म्हणजे घरोघरी गाडी आली," हे गणित वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. एकूण नोंदणीचा आकडा साठत जातो. भंगारात गेलेली गाडी बरेचदा कागदावर तशीच राहते. घरं मोजायची तर घरालाच विचारावं लागतं. २०११च्या जनगणनेने तेच केलं: देशातल्या २१ टक्के घरांत दुचाकी, जेमतेम ५ टक्क्यांत चारचाकी.

बरं, घरही स्थिर नसतं. कापूस विकून घेतलेली गाडी पुढच्या पेरणीआधी बियाण्यासाठी विकावी लागते. भाऊ वेगळे निघाले की एका घराची दोन होतात, गाडी मात्र एकाकडेच. म्हणून दरवर्षी त्याच घरांत परत जाऊन गाडी घेतली, ठेवली की विकली, हे विचारायला हवं.