कानात थेंब घालण्याआधी पडदा पाहायला हवा

पावसाळ्यात मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "कान ठणकतोय, काहीतरी ड्रॉप्स द्या." समोर एक छोटी बाटली येते आणि घरी गेल्यावर थेंब कानात पडतात. आत काय झालंय ते मात्र कुणीच पाहिलेलं नसतं. अँटिबायोटिक थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आपल्याकडे कायदा आहे. तो किती गरजेचा आहे, हे कानाची रचना पाहिली की पटतं.

कानाच्या भोकातून आत जाणारी नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटरची असते, थोडी वळणाची, आणि ती पडद्याशी संपते. पडद्याच्या अलीकडे त्वचा, पलीकडे मध्यकर्ण. मध्यकर्णातून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. दुखणं पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे आणि पडदा शाबूत आहे की नाही, यावर औषध ठरतं.

पोहून आल्यावर किंवा पिनेने, बडने कान कोरल्यावर होतो तो बहुधा पडद्याच्या अलीकडचा, म्हणजे बाह्यकर्णाचा संसर्ग. कानाची पाळी ओढली किंवा भोकासमोरचा छोटा उंचवटा दाबला की कळ येते. इथे थेंबांइतकं चांगलं औषध नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ०.३ टक्के थेंबांमध्ये दर मिलिलिटरला ३,००० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर रक्तात ते दर मिलिलिटरला फार तर दोन-अडीच मायक्रोग्रॅमपर्यंत पोचतं. म्हणजे जिथे दुखतंय तिथे हजारपटीहून जास्त मारा, आणि पोटातल्या उपयोगी जिवाणूंना धक्काही नाही. साध्या बाह्यकर्णाच्या संसर्गात "थेंबांनी काय होणार, गोळीच द्या" असा आग्रह धरणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

सर्दीनंतर रात्री कान धरून रडणाऱ्या लहान मुलाची गोष्ट वेगळी. तिथे पू पडद्याच्या पलीकडे साठतो, आणि शाबूत पडद्यातून अँटिबायोटिक थेंब पुरेसे आत जात नाहीत. अशा मुलाला वेदनाशामक लागतं. बरीच मुलं दोन-तीन दिवसांत अँटिबायोटिकविनाच बरी होतात. तान्ह्या बाळाला, किंवा ताप आणि ठणका जोरात असेल तर डॉक्टर तोंडाने घ्यायचं औषध देतात.

खरी भीती आहे ती फुटलेल्या पडद्याची. वाहणाऱ्या कानात बहुतेक वेळा पडद्याला भोक असतं. त्यातून थेंब मध्यकर्णात उतरतो, आणि तिथे आतल्या कानाशी आड असतो फक्त एक पातळ पापुद्रा. निओमायसिन, जेंटामायसिन या गटातली औषधं तो ओलांडून आतल्या केसपेशींपर्यंत जाऊ शकतात. आवाजाच्या कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर करणाऱ्या या पेशी प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार असतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून सुरुवातीला नुकसान लक्षातही येत नाही. याच कुळातलं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं आणि क्षयाच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचले, पण त्या इंजेक्शनांनी काहींचा तोल आणि श्रवणशक्ती हिरावली. कानात घातलेल्या थेंबांनी असं क्वचित होतं, पण झालं की कायमचं. म्हणून पडदा फुटलेला असेल तर डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन निवडतात. त्यांच्यामुळे केसपेशींना इजा होत नाही. थेंब घातल्यावर घशात कडू चव आली तर पडद्याला भोक असण्याची शक्यता धरावी, थेंब थांबवावेत आणि बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

थेंब घालायची पद्धतही नीट हवी. बाटली आधी दोन-तीन मिनिटं मुठीत धरून अंगाच्या तापमानाला आणावी. गार थेंबाने गरगरतं. आतल्या कानातला तोल सांभाळणारा द्रव थंड होऊन हलू लागतो आणि मेंदूला डोकं फिरल्याचा भास होतो. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम असलं की रुग्णांना चक्कर येते हे हेरलं, आणि तोलाच्या इंद्रियावरच्या त्यांच्या कामाला १९१४ चं नोबेल मिळालं. कुशीवर झोपून, मोठ्यांची पाळी वर आणि मागे, तर लहान मुलांची खाली आणि मागे ओढून थेंब सोडावेत. मग भोकासमोरचा तो उंचवटा चार-पाच वेळा हलके दाबावा, म्हणजे अडकलेली हवा सुटते आणि थेंब आत उतरतो. पाचेक मिनिटं तसंच पडून राहावं. बाटलीचं टोक कानाला लागू देऊ नये. नळी पुवाने भरलेली असेल तर थेंब वरच तरंगतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून कान साफ करून घ्यावा.

ठरवून दिलेले दिवस पुरे करावेत, पण उरलेली बाटली पुढच्या पावसाळ्यासाठी जपू नये. एकदा फोडलेली बाटली महिनाभराने टाकून द्यायची. दमट हवेत कानात बुरशीही वाढते. तेव्हा ठणक्यापेक्षा खाज जास्त असते, आणि अँटिबायोटिक-स्टिरॉइडचे थेंब चालूच ठेवले तर बुरशीला रान मोकळं मिळतं. निओमायसिनची अनेकांना ॲलर्जी असते. थेंब सुरू केल्यावर कान उलट लाल होऊन चिघळला तर तोही संशय घ्यावा. आणि लसणाचं गरम तेल? आजीची माया खरी, पण भाजलेल्या कानाला आणि भोक पडलेल्या पडद्याला ते सोसत नाही.

घरात मधुमेही ज्येष्ठ असतील तर त्यांच्या कानदुखीत दिवस घालवू नयेत. त्यांच्यात स्यूडोमोनास हा जिवाणू त्वचेतून कवटीच्या हाडात शिरू शकतो. दुखण्याने रात्रीची झोप उडते, क्वचित चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. तिथे थेंब पुरत नाहीत. कित्येक आठवडे जोरदार अँटिबायोटिक द्यावं लागतं आणि साखर काटेकोर ताब्यात ठेवावी लागते.