मेरुद्रवातून बॅक्लोफेन उपचार

मेंदूला किंवा मेरुरज्जूला इजा झाल्यामुळे स्नायूंना आलेला तीव्र ताठरपणा सैलावण्यासाठी बॅक्लोफेन हे औषध मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात अखंड सोडण्याची पद्धत. औषधाचा पंप पोटाच्या त्वचेखाली बसवतात आणि त्यातून निघणारी बारीक नळी पाठीच्या मणक्यांतून मेरुद्रवापर्यंत नेतात. मेरुरज्जूची इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी, डोक्याला झालेली गंभीर दुखापत आणि काही प्रमाणात पक्षाघात या विकारांत तोंडी औषधांचा पुरेसा गुण येत नसेल, किंवा गुण येण्याआधीच गुंगी येत असेल, तर ही पद्धत वापरतात. ताठरपणा एक-दोन स्नायूंपुरताच असेल तर बोट्युलिनम विषाची इंजेक्शने हा साधा पर्याय असतो.

ताठरपणाची आज प्रचलित असलेली व्याख्या ऑस्ट्रेलियन तंत्रिकातज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये मांडली. स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा विरोध वाढणे, हे तिचे सार. रुग्णांना मात्र अचानक येणाऱ्या वेदनायुक्त आकड्यांचा, आखडलेल्या सांध्यांचा आणि मांड्या अलग न झाल्याने अडणाऱ्या स्वच्छतेचा त्रास अधिक जाणवतो. या व्याख्येत त्याला फारशी जागा नाही.

पूर्वेतिहास : मेरुद्रवात औषध घालण्याची वाट हाइनरिश क्विंके यांच्या कटिवेधाने, म्हणजे कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालण्याच्या पद्धतीने (१८९१), मोकळी झाली आणि आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये त्याच वाटेने बधिरीकरण साधले. ताठरपणासाठी या मार्गाचा पहिला ठळक वापर १९५० च्या दशकाअखेरचा दिसतो. वेदनाशमनासाठी रॉबर्ट माहेर यांनी १९५५ मध्ये वर्णिलेले फिनॉलचे इंजेक्शन १९५९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पायांच्या ताठरपणासाठी दिले जाऊ लागले. फिनॉल तंत्रिकांची मुळे जाळते. त्यामुळे ताठरपणा जाई, पण अनेकदा त्याबरोबर संवेदना आणि लघवी-शौचावरचा ताबाही जाई. त्यानंतरच्या संशोधकांना परत फिरवता येईल असा उपाय हवा होता, तो यामुळेच.

बॅक्लोफेनचा जन्म वेगळ्याच हेतूने झाला. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा या औषध कंपनीत हाइनरिश केबर्ले यांनी ते बनवले आणि त्याचे वर्ष सामान्यतः १९६२ दिले जाते. गॅबा हा मेंदूतील दमनकारी रेणू रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. त्याला क्लोरोफेनिल गट जोडून शिरकाव सोपा करावा आणि अपस्मारावर औषध मिळवावे, ही कल्पना होती. अपस्मारात निराशा पदरी पडली, पण स्नायूंचा ताण कमी होतो असे दिसले आणि १९७० च्या दशकात ते त्यासाठी बाजारात आले.

ते गॅबासारखेच काम करते, हा समज मात्र फार काळ टिकला नाही. गॅबाची ज्ञात क्रिया बायक्युक्युलिन या रसायनाने थांबते, बॅक्लोफेनची थांबत नाही. हे कोडे नॉर्मन बावरी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सोडवले : गॅबाचा एक निराळा ग्राही (रेणू जिथे जुळून काम करतो ती पेशीवरील जागा) असतो आणि बॅक्लोफेन त्यालाच जुळते. या ग्राहीला पुढे ‘गॅबा-बी’ म्हणू लागले. त्याचे जनुक १९९७ मध्ये बाझेल येथेच वेगळे करण्यात आले. औषधाच्या रेणूच्या, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी डावे रूपच प्रभावी असते, पण विकले जाते ते मिश्रण.

मेरुद्रवातील वापराचा मान कोणाचा, याविषयी दोन गटांचा उल्लेख होतो. शिकागोचे रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रॉइन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनंतर १९८४ मध्ये रुग्णांवरील पहिला वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये दिला. जर्मनीतील ड्राले, म्युलर आणि झीर्स्की यांचा वृत्तांत १९८५ मध्ये त्याच नियतकालिकात आला. धनुर्वातातील आकड्यांवरही जर्मन गटाने हा उपाय वापरून पाहिला. छापील पुरावा पाहता अग्रक्रम शिकागोकडे जातो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांपर्यंत हा उपचार नेण्याचे श्रेय पिट्सबर्गचे लेलंड ऑल्ब्राइट यांना देतात (१९९१). अमेरिकेत मेरुरज्जूजन्य ताठरपणासाठी १९९२ मध्ये आणि मेंदूजन्य ताठरपणासाठी १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

क्रिया : गॅबा-बी ग्राही मेरुरज्जूच्या मागील शृंगाच्या (संवेदना स्वीकारणाऱ्या मागच्या भागाच्या) वरच्या थरांत, म्हणजे पृष्ठभागाजवळच दाट असतात. त्यामुळे द्रवातले औषध झिरपून त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचते. तेथे ते तंत्रिकाग्रात कॅल्शियम शिरण्यास अडथळा करते, उत्तेजक रेणू कमी सुटतात आणि ताणाची प्रतिक्षेपी क्रिया मंदावते. तोंडाने रोज ६० मिग्रॅ. घेऊनही मेरुद्रवात जी पातळी गाठता येत नाही, ती थेट सोडलेल्या ४०० मायक्रोग्रॅमने कितीतरी पटींनी ओलांडली जाते. कंबरेच्या पातळीवरील औषधाचे प्रमाण मेंदूच्या तळाशी साधारण एक-चतुर्थांशावर येते. गुंगी कमी राहण्याचे हे मुख्य कारण. हात-पाय दोन्ही ताठर असतील तर नळीचे टोक वर, छातीच्या वरच्या मणक्यांपर्यंत नेतात.

चाचणी आणि पंप : प्रथम कटिवेधाने ५० मायक्रोग्रॅम देऊन काही तास निरीक्षण करतात. गुण न आल्यास दुसऱ्या दिवशी ७५, मग १०० देतात. तरीही फरक नसेल तर पंप बसवत नाहीत. ही चाचणी उरकून टाकण्याची गोष्ट नव्हे. काही रुग्ण पायांच्या ताठरपणाच्याच आधारावर उभे राहतात. तो गेला की खाली कमजोरीच शिल्लक असल्याचे उघड होते. चाचणीच्या दिवशी फिजिओथेरपिस्ट जवळ असणे म्हणूनच आवश्यक.

मिनेसोटा विद्यापीठात १९७० च्या सुमारास घडवलेले पहिले पंप द्रवरूप वायूच्या बाष्पदाबावर चालत. त्यांचा प्रवाह ठरलेला असे, आणि ताप किंवा उंच प्रदेशातील प्रवासाने तो बदलत असे. आजचा नेहमीचा पंप टायटॅनियमचा, सुमारे ९ सेंमी. व्यासाचा असून त्यात २० किंवा ४० मिलि. औषध मावते. बाहेरून रेडिओ संकेत देऊन मात्रा बदलता येते, रात्रीपुरती वाढवताही येते. औषध दर १ ते ६ महिन्यांनी त्वचेतून सुई घालून भरतात. विजेरी संपत आली की, म्हणजे साधारण ५ ते ७ वर्षांनी, पूर्ण पंपच शस्त्रक्रियेने बदलावा लागतो.

धोके : नळी निसटणे, मुडपणे किंवा चिरणे हा सर्वांत वारंवार आढळणारा बिघाड, जंतुसंसर्ग आणि मेरुद्रवाची गळती हे इतर. मात्रा जास्त झाल्यास झोपाळूपणा येतो, श्वसन मंदावते आणि बेशुद्धी येऊ शकते. पुरवठा अचानक तुटणे याहून घातक. सुरुवातीला पुरळ नसताना खाज सुटते, ताठरपणा उसळून परत येतो; पुढे तीव्र ताप, भ्रम, झटके, स्नायूंचे विघटन आणि वेळेत उपचार न झाल्यास मृत्यू. हे चित्र जंतुदोषाच्या तापासारखे भासत असल्याने निदान चुकते. पंप असलेल्या रुग्णाला खाज आणि ताप आला की आधी पंप तपासावा, हे घरच्यांनाही ठाऊक असायला हवे. मेरुद्रवातील पुरवठा पूर्ववत करणे हाच खरा उपाय. तोवर तोंडी बॅक्लोफेन, डायझेपाम वर्गातील औषधे आणि सायप्रोहेप्टाडीन देतात, पण तोंडी मात्रेने ही तूट सहसा भरून निघत नाही.

परिणाम : पेन यांच्या १९८९ मधील अभ्यासात २० रुग्णांना खरे औषध की निव्वळ द्रव हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांपासूनही लपवून दिले होते. ताठरपणा आकड्यांत मोजणाऱ्या अ‍ॅशवर्थ मापनावर त्याची सरासरी ४.० वरून १.२ वर आली. ताण कमी होतो याविषयी त्यानंतर फारसा वाद उरलेला नाही. चालणे, हातांचा वापर यांत किती सुधारणा होते, याचा पुरावा मात्र बराच तोकडा आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत पाठीचा कणा वाकण्याचा वेग पंपामुळे वाढतो की तो आजाराच्या ओघातच वाढतो, यावर मतभेद आहेत. तुलनेसाठी सारख्या मुलांचा गट घेतलेल्या काही अभ्यासांत फरक दिसला नाही आणि तेच मत अधिक ग्राह्य वाटते. आरामात बसता येणे, झोप आणि शुश्रूषेची सुलभता यांतला फायदा पालक व परिचारक ठामपणे सांगतात. अ‍ॅशवर्थच्या आकड्यात तो उमटत नाही म्हणून त्याला दुय्यम मानणे योग्य नाही.

भारतात बॅक्लोफेनच्या गोळ्या सर्वत्र मिळतात. पंप मात्र आयात करावा लागतो, खर्च लाखांत जातो आणि तो बसवण्याची व पुन्हा भरण्याची सोय मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरती आहे. दूरच्या गावातील रुग्णाच्या बाबतीत ठरलेल्या तारखेला पुनर्भरणासाठी पोहोचता येईल का, हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच सोडवावा लागतो.