डोमेन जोडले, तरी साइट दिसत नाही: या बिघाडांची पार्श्वभूमी

शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवण्याच्या सेवेवर) डोमेन, म्हणजे साइटचे नाव, जोडताना काही अडले की पहिला सल्ला मिळतो तो '४८ तास थांबा' हा. पुष्कळदा थांबून काहीच होत नाही, कारण बिघाड डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनवरून सर्व्हरचा आकडी (आयपी) पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत, नसतोच. एका आयपी पत्त्यावर शेकडो साइट बसवण्याची सोय एका दमात बनलेली नाही. १९८३ पासून पुढच्या तीसेक वर्षांत तिच्यावर एकेक थर चढत गेला, आणि प्रत्येक थर आपापल्या परीने बिघडतो. त्यामुळे आधी थर ओळखायचा, मग दुरुस्तीला हात घालायचा.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावे एकाच होस्ट्स फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय ही संस्था ती सांभाळी आणि बाकीची केंद्रे तिथून उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आजच्या डीएनएसचा पाया असलेले आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) १०३४ आणि १०३५ हे १९८७ चे. होस्ट्स फाइल मात्र प्रत्येक संगणकात अजून आहे, आणि तिच्यात लिहिलेले सहसा डीएनएसच्या आधी मानले जाते. विंडोजमध्ये ती सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये सापडते. नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवून उत्तरे देणारे सर्व्हर) बदलण्याआधी नव्या सर्व्हरचा आयपी आणि डोमेन एका ओळीत तिथे लिहिले की नवी साइट फक्त आपल्याला दिसते. तपासणी झाल्यावर ती ओळ काढायलाच हवी. नाहीतर जगाला दिसते ते आपल्याला दिसणार नाही.

४८ तासांचा हिशेबही खरा आहे, पण एकाच बाबतीत. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवण्याची मुदत) १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. नेमसर्व्हर न बदलता फक्त ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपी सांगणारी नोंद) बदलला, तर त्या रेकॉर्डचा स्वतःचा टीटीएल लागू होतो. सीपॅनल या होस्टिंग सांभाळण्याच्या पॅनलमध्ये तो बहुधा १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास. साइट हलवण्याच्या आदल्या दिवशी तो ३०० वर आणून ठेवला की खोळंबा पाच-दहा मिनिटांवर येतो. दुसरी मेख १९९८ च्या आरएफसी २३०८ मधली: 'असे नाव नाही' हे उत्तरही साठवले जाते, आणि किती वेळ ते डोमेनची मूळ माहिती देणाऱ्या एसओए रेकॉर्डवरून ठरते. रेकॉर्ड करण्याआधीच घाईने ब्राउझरमध्ये नाव टाकून पाहिले, तर तेच नकारार्थी उत्तर तासन्‌तास मिळत राहू शकते. आधी रेकॉर्ड करावा, मग तपासावे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सीनेमचा, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाचेच टोपणनाव आहे असे सांगणाऱ्या रेकॉर्डचा. ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरा कोणताही रेकॉर्ड नको, हा नियम १९८७ पासूनचा. मूळ डोमेनला एसओए आणि एनएस (नेमसर्व्हर सांगणारा) हे रेकॉर्ड असावेच लागतात, म्हणून तिथे सीनेम बसत नाही. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेल्या नावाला तो बिनदिक्कत चालतो. काही पॅनल मूळ डोमेनवरचा सीनेम नाकारतात. काही मुकाट्याने घेतात, आणि मग ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड झाकला जाऊन ईमेल बंद पडते. साइट मात्र उघडत असते, त्यामुळे दोन्हींचा संबंध पटकन लक्षात येत नाही. सरळ उपाय असा: मूळ डोमेनला ए रेकॉर्ड, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ला सीनेम, आणि एकावरून दुसऱ्यावर रिडायरेक्ट. क्लाउडफ्लेअरसारखे काही डीएनएस सेवादार सीनेमचे उत्तर स्वतः शोधून ए रेकॉर्डसारखे देतात, तिथे ही अडचण येत नाही.

झोन फाइल (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची फाइल) हाताने लिहिताना पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायचे राहून गेले तर डोमेन दोनदा जोडले जाते, हेही तेव्हापासूनचेच. डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची सही तपासण्याची सोय, चालू असताना नेमसर्व्हर बदलले आणि रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) त्या सहीची खूण असलेला जुना डीएस रेकॉर्ड तसाच राहिला, तर तपासणी करणारे रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) सर्व्हफेल ही चूक देतात आणि बाकीच्यांकडे साइट उघडते. 'माझ्याकडे दिसते, त्यांच्याकडे दिसत नाही' या तक्रारीत हे जरूर पाहावे.

पुढचा थर वेब सर्व्हरचा. मे १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांत) ब्राउझर फक्त पानाचा मार्ग सांगे. कोणत्या डोमेनचे पान, हे सांगण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी लागे. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने होस्ट हेडर, म्हणजे विनंतीत डोमेनचे नाव सांगणारी ओळ, सक्तीचे केले, आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगची खरी वाट तिथे मोकळी झाली. अपाची या वेब सर्व्हरमध्ये यालाच नावावर आधारित व्हर्च्युअल होस्ट म्हणतात.

यातली खोच अशी की मागितलेले नाव कोणत्याही व्हर्च्युअल होस्टशी जुळले नाही, तर अपाची चूक दाखवत नाही. त्या आयपी आणि पोर्टसाठी जो व्हर्च्युअल होस्ट आधी लिहिलेला आहे, त्याची साइट देते. म्हणूनच आपले डोमेन टाकल्यावर परक्याची साइट किंवा होस्टिंगचे कोरे पान दिसते. ही खूण चांगली समजावी: डीएनएस बरोबर पोचले आहे, फक्त खात्यात डोमेन जोडलेले नाही. सीपॅनलमध्ये ते वेगळ्या फोल्डरसाठी अॅडऑन म्हणून, किंवा त्याच साइटसाठी एलियास म्हणून जोडावे लागते. 'डोमेन आधीच अस्तित्वात आहे' असे आले, तर ते त्याच सर्व्हरवरच्या जुन्या खात्यात अडकलेले असू शकते. तिथून काढल्याशिवाय पुढे सरकत नाही. एचटीटीपीवर आपली आणि एचटीटीपीएसवर परक्याची साइट आली, तर एचटीटीपीच्या ८० पोर्टचा व्हर्च्युअल होस्ट बनला आहे, एचटीटीपीएसच्या ४४३ चा नाही.

नवे डोमेन टाकल्यावर जुन्यावर उडी मारली जात असेल, तर हा डोमेन जोडण्यातला दोष नव्हे. साइट वर्डप्रेसवर असेल तर त्याच्या ऑप्शन्स टेबलमधील साइटयूआरएल आणि होम या दोन नोंदी पाहाव्यात. ३०१ (कायमचा) रिडायरेक्ट ब्राउझर लक्षात ठेवतो, म्हणून दुरुस्तीनंतरची तपासणी कर्ल या कमांडने करावी.

कुलपाचा, म्हणजे एचटीटीपीएसच्या सुरक्षित जोडणीचा, प्रश्न होस्ट हेडरने सुटला नव्हता. साइटची ओळख पटवणारे प्रमाणपत्र दाखवायची वेळ हेडर येण्याआधीची, त्यामुळे कोणाचे प्रमाणपत्र द्यायचे हे सर्व्हरला कळत नसे. जून २००३ च्या आरएफसी ३५४६ मध्ये एसएनआय आले: ब्राउझर सुरुवातीलाच नाव सांगू लागला. अपाचीत ते २००९ मध्ये पोचले, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच जमले नाही. म्हणून बरीच वर्षे एसएसएलसाठी, म्हणजे याच कुलपासाठी, स्वतंत्र आयपीचे जादा पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५ मध्ये फुकट प्रमाणपत्रे देणारे लेट्स एन्क्रिप्ट सर्वांना खुले झाले, पुढच्या वर्षी सीपॅनलमध्ये ऑटोएसएसएल आले, आणि प्रमाणपत्र फुकट व आपोआप मिळू लागले.

आपोआप म्हणजे काय, हे नीट पाहावे. लेट्स एन्क्रिप्टच्या नेहमीच्या पद्धतीत डोमेनवर ८० पोर्टने येऊन 'वेल-नोन' फोल्डरमधली एक फाइल वाचली जाते. एचटीअॅक्सेस या सेटिंग फाइलमधल्या रिडायरेक्टने ती विनंती भलतीकडे वळवली की पडताळणी फसते. जुन्या होस्टचा क्वाड-ए रेकॉर्ड (आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता सांगणारा) मागे राहिला, तरी तेच; लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ आधी धरते, आणि ए रेकॉर्ड कितीही बरोबर असला तरी जुना सर्व्हर ४०४ देतो. प्रमाणपत्र कोणी द्यावे हे सांगणाऱ्या सीएए रेकॉर्डमध्ये दुसऱ्याच संस्थेचे नाव असले तर प्रमाणपत्र नाकारले जाते; ही तपासणी सप्टेंबर २०१७ पासून सक्तीची आहे. नव्वद दिवसांचे जुने प्रमाणपत्र चालू असेपर्यंत यातले काहीच जाणवत नाही, आणि साइट एके सकाळी अचानक बंद पडल्यासारखी वाटते.

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत .भारत डोमेन मिळते, ते मराठी व कोकणीलाही चालते. डीएनएसमध्ये मात्र २००३ च्या प्युनिकोड या लेखनपद्धतीनुसार त्याचे 'एक्सएन'ने सुरू होणारे रोमन रूप जाते. पॅनल देवनागरी नाव घेत नसेल तर हेच रूप टाकावे.

राहिले ईमेल. टपाल गुगल वर्कस्पेसवर आणि साइट सीपॅनलवर असेल, तर डोमेन जोडताना सर्व्हर स्वतःलाच टपालाचा मालक समजू शकतो. मग बाहेरची पत्रे व्यवस्थित येतात, पण साइटवरच्या संपर्क फॉर्मची पत्रे सर्व्हरच्या आतल्या आत राहतात किंवा 'असा वापरकर्ता नाही' म्हणून परत जातात. ईमेल राउटिंगमध्ये 'रिमोट मेल एक्स्चेंजर' निवडून फॉर्ममधून एक पत्र पाठवून पाहावे.