जावाचं मॉड्यूल आणि ओएसजीआयचं बंडल: अडतं कुठे?

‘ओएसजीआय फार किचकट, त्यापेक्षा जावाची मॉड्यूलं वापरा.’ २०१७ साली जावा ९ आल्यापासून हा सल्ला वाटला जातोय, जणू दोन्ही एकच आहेत आणि एक जरा सोपं आहे. नाहीत. दोन्ही जावाचा प्रोग्राम सुट्या भागांत विभागायच्या पद्धती, एवढंच साम्य; ओएसजीआयमध्ये त्या भागाला बंडल म्हणतात.

जावाचं मॉड्यूल तुम्हाला ठाऊकच आहे: मॉड्यूल-इन्फो फाइल, त्यात रिक्वायर्स (काय हवं), एक्स्पोर्ट्स (बाहेर काय द्यायचं). ओएसजीआयमध्ये हाच मजकूर जारच्या (जावाचे क्लास बांधून दिलेल्या फाइलच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे आतल्या माहितीपत्रकात जातो आणि बहुधा मॉड्यूलऐवजी पॅकेजचं नाव मागितलं जातं. हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

खरी गोची क्लासलोडरची, म्हणजे क्लास शोधून मेमरीत आणणाऱ्या भागाची. जावात तुमच्या ॲपची सगळी मॉड्यूलं साधारणपणे एकाच क्लासलोडरमधून येतात. क्लास सापडतो, पण जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारा प्रोग्राम) हात लावू देत नाही. लायब्ररीने रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना क्लासच्या आत डोकावून, प्रायव्हेट फील्ड उघडायला घेतलं की ‘इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट’ची एरर येते आणि ओपन्सची (‘हे पॅकेज रिफ्लेक्शनला खुलं’ सांगणारी) एक ओळ टाकली की काम होतं. ओएसजीआयमध्ये प्रत्येक बंडलचा क्लासलोडर वेगळा. पॅकेज इम्पोर्ट केलेलं नसेल आणि बंडलच्या आतही नसेल, तर त्या बंडलपुरता तो क्लास जन्मालाच आलेला नाही. इथे ओपन्ससारखं काही शोधत बसणं व्यर्थ.

नेहमीचा प्रसंग घ्या. डेटाबेस ड्रायव्हरचं नाव कॉन्फिग फाइलमध्ये आहे आणि पूलिंगची (डेटाबेसची कनेक्शनं जपून पुन्हा वापरणारी) लायब्ररी क्लास.फॉरनेमने, म्हणजे नुसत्या नावावरून, तो लोड करते. ड्रायव्हरचं बंडल ॲक्टिव्ह दिसतंय, तरी ‘क्लास नॉट फाउंड’. कारण शोध लायब्ररीच्या क्लासलोडरमधून होतो आणि तिच्या मॅनिफेस्टमध्ये ड्रायव्हरचं पॅकेज नाही. इम्पोर्टची यादी काढून देणारं बीएनडी हे टूल बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) वाचतं. कॉन्फिगमधली स्ट्रिंग त्याला कशी कळणार? ते पॅकेज हाताने इम्पोर्टमध्ये घाला, किंवा त्याहून बरं म्हणजे ड्रायव्हर सर्व्हिस म्हणून घ्या, म्हणजे त्याच्या बंडलने नोंदवलेला तयार ऑब्जेक्ट मागून घ्या. ‘डायनॅमिक इम्पोर्ट, स्टार’ (लागेल ते पॅकेज ऐनवेळी कुठूनही घे) मात्र टाकू नका. एरर जाते, पण कुठल्या व्हर्जनशी गाठ पडेल ते त्या क्षणी काय इन्स्टॉल आहे त्यावर ठरतं.

याच वेगळेपणामुळे एका लायब्ररीची दोन व्हर्जनं शेजारी शेजारी चालतात. जावाची मॉड्यूलं जोडताना व्हर्जन बघितलंच जात नाही. पण एपीआयची (बंडलांनी एकमेकांशी बोलायला वापरायच्या सामायिक क्लासची) जार दोन बंडलांच्या पोटात कोंबलीत, तर ‘ऑर्डरचं ऑर्डरमध्ये कास्ट होत नाही’ अशी वेड लावणारी एरर येते: नाव एक, क्लासलोडर दोन. एपीआयचं एकच बंडल ठेवा, बाकीच्यांनी ते १.२ पासून २ च्या आत अशा रेंजने इम्पोर्ट करावं.

मग ओएसजीआय अवघड आहे का? मॅनिफेस्ट हाताने लिहिणाऱ्यांना आहेच. २०० ओळींचे इम्पोर्ट टाइप करायला कुणी सांगितलंय? प्लगइन चालू-बंद करायचे असतील, तर ते शिकणं वसूल होतं. एक्लिप्स हा कोड लिहायचा एडिटर २००४ च्या ३.० पासून त्यावरच उभा आहे. चार एंडपॉइंटच्या छोट्या वेब सर्व्हिसला ते लावलंत, तर दोष फ्रेमवर्कचा नाही.